इस्त्रीचे पेपर

"कंपनीने तुम्हाला एवढं छान वाचनालय दिलं, त्याबद्दल आधी कंपनीचे आभार," अशी मी भाषणाची सुरुवात केली आणि समोरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

शारजाच्या लेबर कॅम्पमधली, कामगारांच्या सुट्टीची शुक्रवारची दुपार होती आणि मी पाहुणा वक्ता होतो. विषय मीच निवडलेला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्लंडच्या खेड्यांतली वाचनालयं. तो ऐकायला कोणी आतुर आहे का, हे मात्र मी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यात रत्नागिरीकडचा एक दाढीवाला गृहस्थ वर्तमानपत्राला इस्त्री करत होता. सुट्टीवरून परतणारे लोक सुकी मासळी, लोणच्याच्या बरण्या ज्या पेपरांत गुंडाळून आणत, तेच पेपर तो सरळ करून टेबलावर मांडायचा. त्याने इस्त्री उभी ठेवली.

"साहेब, कंपनीने नाय दिलं. या खोलीतले आम्ही सगळे बाजूच्या खोल्यांत दाटीवाटीने झोपतो, म्हणून ही मोकळी झाली." सांगताना त्याची मान ताठ होती.

मी ओशाळून म्हणालो, "तिकडे इंग्लंडात बहुधा जमीनदार खोली द्यायचा. मग तिथे काय वाचायचं, तेही तोच ठरवायचा."

"मग आमचंच बरं," म्हणत त्याने मासळीचा वास येणारा गरम पेपर दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "आज तुम्ही वाचा. आम्ही ऐकतो."

सगळे हसले. उरलेलं भाषण खिशातच राहिलं. महिन्यापूर्वीच्या बातम्या मी मोठ्याने वाचल्या, आणि इतक्या मन लावून मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

अल नहदा भागातल्या आमच्या घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिने कचऱ्यात टाकलेला लोणच्याच्या बरणीचा पेपर बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला.

"इस्त्री करा. पुढच्या शुक्रवारी मीही येते. भाषण तेवढं घरी ठेवा."