रिकामा डबा आणि ग्रेसचं गणित

माझ्या संस्कृतिप्रेमामुळे मलावी देशाची एक मुलगी गणितात नापास होता होता वाचली.

ग्रेस आमच्या स्मृति नगरातल्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. इंजिनिअरिंगला होती. गणिताचा एक पेपर राहिलेला. या वेळीही गेला तर शिष्यवृत्ती बंद आणि पोरगी परत घरी. माझ्या बायकोचा, रेखाचा, तिच्यात फार जीव. म्हणाली, "सयपाकात काहून वेळ घालवते बिचारी? पेपर होतवर मीच डबा देत जाईन."

पहिला डबा ग्रेस घासूनपुसून परत द्यायला आली, तेव्हा दुर्दैवानं दार मी उघडलं. (अख्खी नोकरी स्टील प्लांटच्या भट्टीपाशी गेली, तिथल्या आवाजात माझं कोणी ऐकलंच नाही. आता श्रोता दिसला की राहवत नाही.) मी व्याख्यान दिलं, "हमारे यहाँ डब्बा खाली नहीं लौटाते, बेटी."

"सॉरी, अंकल," म्हणत ती डबा घेऊन परत वर गेली.

तासाभरात डबा भरून आला. मक्याच्या पिठाचा वाफाळता पांढरा गोळा आणि टोमॅटोची भाजी. दुसऱ्या दिवशी रेखाचा बेसनाच्या पातोडीचा रस्सा वर गेला, संध्याकाळी दाण्याचा कूट घातलेली पालेभाजी खाली आली. पोरगी एवढं करते म्हणून रेखानं पुरणपोळ्या पाठवल्या, आणि पुरणपोळ्या आल्या म्हणून ग्रेस कॅम्प-1च्या बाजारातून मासे घेऊन आली! मी दोन्हीकडचं चापून खात होतो. दोन देशांमधला पूल मीच, असं मला वाटायला लागलं होतं.

पेपर तोंडावर आला तेव्हा रेखा वर गेली आणि डोळे पुसत खाली आली.

"पोरगी कढईसमोर पुस्तक धरून रडून राहिली. म्हणते, आंटी, पढ़ूँ कब? डब्बा खाली कैसे दूँ? काय सांगितलं तुमी तिले?"

मी सांगितलं.

"आन् चिमूटभर साखर टाकली का झालं, हे नाही सांगितलं?"

ते मला माहीतच नव्हतं. शेजाऱ्यांचे डबे परत करायचं काम आयुष्यात कधी केलं असेल तर ना! फार वाईट वाटलं. पेपर होईपर्यंत डबा वर न्यायचं आणि रिकामा खाली आणून घासायचं काम माझ्याकडे आलं.

निकालाच्या दिवशी ग्रेस डबा घेऊन धावतच खाली आली. आत चिमूटभर साखर होती.

"पास हो गई, आंटी."

रेखानं तिला पोटाशी धरलं. दोघी रडल्या. मीही थोडं रडून घेतलं.

तेव्हापासून मी संस्कृतीवर बोलायला तोंड उघडलं की रेखा त्यात चिमूटभर साखर टाकते. म्हणते, "रिकामं भांडं हाय. तसंच कसं ठेवू?"