रिमोट विसरायचा तेव्हा संजू यायचा

संजू गेल्याचं कळलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: आता तरी बाबा मला फोन करतील.

लिहिताना लाज वाटतेय. पण खरं तेच आहे.

संजू आमच्या भागातला डिश बसवणारा. पोलादपुरात छोटंसं दुकान. वय एक्केचाळीस. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि महाडला नेईपर्यंत सगळं संपलं.

आज त्याचं तेरावं. गावच्या ग्रुपवर सगळे त्याच्याबद्दल चांगलं लिहितायत. मीही लिहिणार, पण आधी कबुली.

मला संजूचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, पोटात दुखेल इतका.

माझे बाबा महाड एमआयडीसीतून रिटायर झाले. तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी काढली, कान गेले ते गेलेच. आई गेल्यावर गावच्या घरात एकटे. म्हणून मी पुण्याहून होम थिएटर नेलं. निदान कबड्डीची मॅच तरी नीट ऐकू येईल.

टीव्हीचा रिमोट वेगळा, डिशचा वेगळा, होम थिएटरचा तिसरा. बाबा तिन्हींवरही चिडायचे.

मग मी ऑनलाइन युनिव्हर्सल रिमोट मागवला. त्यात प्रत्येक मशीनचा कोड भरायचा, की एकच रिमोट सगळ्यांना चालतो.

गणपतीत गेले तेव्हा प्रोग्रॅम करून टाकला. एक बटण दाबलं की तिन्ही सुरू! बटणांवर रंगीत स्टिकर. सूचनांचा कागद लॅमिनेट करून भिंतीवर. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे मी, एवढं करणारच.

आठवड्याने फोन केला. "बाबा, रिमोट चालतोय ना?"

"चालतो ना. संजू आल्ता. त्याने नीट करून दिला."

नीट करून दिला!

म्हणजे माझं सगळं पुसून टाकलं. बाबा माझं ते एक बटण दाबून, तिन्हींना सिग्नल जायच्या आतच रिमोट खाली ठेवायचे. त्यामुळे एखादं मशीन बंदच राहायचं आणि पुढच्या वेळी सगळं उलटंपालटं. संजूने तिन्ही मशीनना तीन वेगळी बटणं दिली आणि बाकीच्यांवर काळी चिकटपट्टी लावली.

बारावी नापास संजू. आणि बरोबर तोच निघाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

पुढे तर कहर झाला. रिमोट स्वस्तातला होता, सेल काढले की सगळे कोड विसरायचा. मग दर पंधरा दिवसांनी तेच. "सेल संपले गो. संजू आल्ता. दोन तास बसला."

मी महागातला रिमोट पाठवला, सेल काढले तरी न विसरणारा. बाबांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात ठेवला. "चांगला हाय गो. राहू दे."

मी फोन केला की बाबा तीन वाक्यं बोलायचे. जेवलीस का. पाऊस हाय. ठेवतो.

संजूला मात्र दोन तास.

शेवटी मी संजूलाच फोन लावला. आवाज चढवूनच बोलले.

"कोड रिमोटसोबतच्या पुस्तकात छापलेत. दोन मिनिटांचं काम आहे. दोन तास काय करतोस तिथे?"

"ताई, कोड माझे तोंडपाठ हायत."

"मग?"

"पुस्तकातला भरत नाय मी. एकेक शोधत बसतो. बटण दाबायचा, टीव्ही बंद झाला तर तो आपला कोड, नाय तर पुढचा. दोनशे-तीनशे असतात. तात्या बाजूला बसून बोलतात." बाबांना तो तात्या म्हणायचा. "हातात काम दिसला का त्यांना बोलायला बरा वाटतो. नुसता समोर बसलो तर चहा देतात नि गप."

"आणि पंधरा दिवसांत सेल कसे संपतात? वर्षभर जातात ते."

तो हसला. "संपतात कुठे ताई? तात्याच काढून ठेवतात."

मी विचारलं, "काय बोलतात?"

"ता मी नाय सांगायचा."

तुम्हाला वाटेल, माझे डोळे भरून आले असतील. छे! अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बापाने मन मोकळं करायला खोटं खोटं सेल काढायचे, आणि तेही त्याच्यासाठी?

मी त्याला थँक्यू म्हटलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मिळाली होती. तरी नाही.

परवा गावच्या घरी आले. टीव्ही बंद होता. रिमोट जागेवर, सेल आतच. बाबांनी काढले नव्हते. कोणासाठी काढणार?

दुपारी ते अंगणात गेले तेव्हा मीच सेल काढले. थोड्या वेळाने परत घातले.

"बाबा, रिमोट विसरला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलंय, हे मला कळलं. खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी बसले.

मी टीव्ही त्याच्यावरच्याच बटणाने लावला आणि पहिल्यापासून एकेक कोड शोधायला लागले.

विसाव्या-तिसाव्या कोडला बाबा बोलायला लागले.

आणि बोलतच राहिले. जन्मात पहिल्यांदा, माझ्याशी.

सगळं संजूबद्दल.

त्याच्या आईचे गुडघे. त्याच्या मुलीची नवी सायकल. शिवथरला भर पावसात पत्र्यावर चढून त्याने बसवलेली डिश. नाचणीची भाकरी त्याला कशी लागायची, गरम आणि जाड. बोलता बोलता बाबा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

मध्येच टीव्ही बंद झाला. म्हणजे कोड सापडला होता.

मी न बघितल्यासारखं करून पुढचा दाबला.

संजू, हेवा अजून गेलेला नाही. माझ्या वाट्याचे दोन तास आले, तेही तूच घेतलेस.

थँक्यू रे. फार उशिरा म्हणतेय.

तुझ्या तात्यांचा आणि तुझ्यावर जळणाऱ्या या ताईचा तुला शेवटचा नमस्कार.