आबांनी औषध पाजलेल्या मेंढ्या

दि. १९ सप्टेंबर १९६३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. खुटबावच्या माळावरील मेंढवाड्यात मी वही उघडली, तेव्हा माझा प्रयोग बुडाला होता, आणि ते मला कळले होते.

प्रश्न सरळ होता. विजेच्या प्रवाहात कागदी पट्टीवर मेंढीच्या रक्तातील हिमोग्लोबिन सरकते. काहींचे पुढे जाते, काहींचे मागे राहते. पुढे जाणाऱ्या ‘अ’ आणि मागे राहणाऱ्या ‘ब’ अशा दहा-दहा मेंढ्या मी निवडल्या, त्यांच्या गळ्यात पत्र्याचे बिल्ले बांधले. शिरूरच्या प्रयोगशाळेतून येऊन दर आठवड्याला मी लेंड्यांतील जंतांची अंडी मोजत असे. ‘अ’ मेंढ्या जंतांना मुळातच दाद देत नाहीत, असा माझा कयास होता. दसऱ्यापर्यंत फरक दिसला नाही तर काम बंद, असे आमच्या प्रमुखांनी बजावले होते. आणि चौथ्या आठवड्यात दोन्ही गटांचे आकडे अचानक घटून सारखे झाले.

“आबा, काही औषध पाजलंत का?”

“पाजलं की! पळसपापडी, पळसाचं बी वाटून ताकातनं,” कळपाचे मालक अभिमानाने म्हणाले. “तुमचं बिल्लं घालून मेंढरं खंगली, तर लोक नाव कुणाला ठेवतील?”

“तरी म्या म्हनलं, बाईंना इचारा,” त्यांच्या कारभारणीने टोला हाणला. “पर ह्यांना पाव्हणचार सुचला!”

मी राग गिळला. “सगळ्या विसांना?”

“छ्या! पापणी उलटून बघायची. आतनं पांढरी पडली, तिलाच. लाल हाय तिला कशाला? औषध काय फुकट येतं?”

मी थबकले. जंत रक्त पितात, म्हणून पापणी पांढरी पडते; आणि कोणती मेंढी ‘अ’, कोणती ‘ब’, हे आबांना ठाऊक नव्हते. म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मला न विचारता देऊन ठेवले होते.

“कोणकोणत्या, दाखवाल?”

बिल्ल्यांकडे न पाहता, केवळ तोंडे ओळखून, त्यांनी एकेक मेंढी पुढे ओढली. मी क्रमांक उतरवले आणि रक्ताच्या यादीशी ताडून पाहिले. मग कारभारणीकडून मी दोनदा चहा मागून घेतला.

हा पुरावा नव्हे, हे प्रमुखांना मीच आधी सांगितले. तरीही त्यावर मला आणखी एक पावसाळा मिळाला. त्या पानावरची शेवटची नोंद अशी: औषध पाजलेल्या ९, पैकी ‘ब’ ८.