मठपती सरांच्या चौकशा

वाचनालयात किस्से साचतात कसे, ते सांगते. आमच्याकडं 'शांतता राखा' अशी मोठी पाटी आहे. कधीतरी तिच्यासमोर एक कपाट उभं केलं आणि पाटी मागं गेली. तेव्हापासून जळकोटातला जो माणूस पुस्तक बदलायला येतो, तो अर्धा तास बोलून जातो! मी इथली ग्रंथपाल. बावीस वर्षं पुस्तकं देता-घेता ऐकत राहिले. रजिस्टर भरलं की कपाटात ठेवता येतं, हे सगळं कुठं ठेवायचं? परवा मैत्रिणी घरी जमल्या तेव्हा म्हणाल्या, "नंदा, त्या मठपती सरांचे तरी लिहून काढ बाई!"

मठपती सर म्हणजे आमच्या गावचे रिटायर्ड हेडमास्तर. कपाळाला विभूती, खिशाला दोन पेन आणि भेटेल त्याला एकच प्रश्न, "सध्या काय वाचून राहिलात?" कंडक्टरला विचारतात, भाजीवालीला विचारतात. एकदा दात काढून घेताना डॉक्टरलाच विचारलं. डॉक्टरांनी म्हणे भुलीचा डोस वाढवला!

त्यांचा निरोप समारंभ झाला तेव्हा सगळ्या गावानं सांगितलं, "सर, आता आराम करा." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी वाचनालय उघडायला आले, तर सर पायरीवर बसलेले. कालची शाल अंगावर तशीच.

"सर, तुम्ही काल रिटायर झालात ना?"

"झालो की. आता तासावर जा म्हणणारं कुणी नाही. कुलूप काढा!"

\*

आमच्या अभ्यासिकेत तीस-चाळीस मुलंमुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. सकाळी सातला येऊन जागा धरतात. गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाकडं मात्र सगळ्यांची पाठ.

सरांनी अश्विनी नावाच्या एका मुलीला विचारलं, "विरंगुळा म्हणून काय वाचतेस गं?"

"चालू घडामोडी, सर."

दुसऱ्या दिवशी त्या कपाटावर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी! 'या कपाटातील एकही पुस्तक कोणत्याही परीक्षेस उपयोगी नाही. विद्यार्थ्यांनी वेळ वाया घालवू नये. हुकमावरून.'

मी म्हटलं, "सर, आधीच कुणी हात लावत नाही, त्यात हे कशाला?"

"आठ दिवस थांबा."

आठ कशाला, चौथ्या दिवशी वरचा कप्पा अर्धा रिकामा. पोरं जाडजूड गाईडच्या आत कादंबरी ठेवून वाचत होती! अश्विनी तर सरळ घरीच घेऊन जायची.

वर्षभरानं ती परीक्षा पास झाली, मुलाखत झाली, निवड झाली. आम्ही सत्कार ठेवला. माईकवर म्हणाली, "मुलाखतीत मला छंद विचारला. मी घाबरले आणि खरंच बोलून गेले, 'उपयोगी नसलेली पुस्तकं वाचते.' ते म्हणाले, 'म्हणजे कोणती?' पुढं वीस मिनिटं दुसरं काही विचारलंच नाही!"

टाळ्या झाल्या. सर मात्र उठून कपाटाकडं गेले. चिठ्ठीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'अपवाद : एक.'

\*

रिटायर झाल्यापासून सर लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतली वाचनालयं एसटीनं फिरून बघतात. कुठं याद्या करून देतात, कुठं फाटकी पुस्तकं शिवतात. एकदा हदगावकडच्या एका खेड्यात मलाही सोबत नेलं.

वाचनालयाचे अध्यक्ष मोठे हौशी. त्यांनी आम्हाला थेट एका चौरंगापुढं उभं केलं. चौरंगावर लाल कापडात गुंडाळलेलं जाड पुस्तक, वर हळदकुंकू, झेंडूची वाळलेली फुलं.

"निजामाच्या काळातला ग्रंथ हाय, सर. लई दुर्मिळ. दर दसऱ्याला पूजा करतो. कुणाला हात लावू देत न्हाई."

"काय लिहिलंय यात?"

अध्यक्षांनी सचिवांकडं पाहिलं. सचिवांनी छताकडं.

"उर्दू हाय ना, सर."

"गावात उर्दू वाचणारं कुणी?"

"हायेत की. रशीदचाचा. घड्याळं दुरुस्त करतात, इथंच पलीकडं."

"मग त्यांना कधी विचारलं नाही?"

अध्यक्ष जरा विचारात पडले. "सुचलंच न्हाई बघा!"

चाचांना बोलावलं. चाचा आले, हात धुतले, चष्मा पुसला, कापड सोडलं. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. आम्ही सगळे हात जोडून उभे!

चाचांनी चष्मा काढला. "सर, ये तो अचार की किताब है."

अध्यक्ष भक्तिभावानं म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? आचार-विचार!"

"नहीं जी, अचार! कैरी का, लिंबू का, मिरची का..."

अध्यक्षांनी जोडलेले हात सोडले. शेवटी सचिवांनी हळूच विचारलं, "मग आता पूजेचं काय करायचं?"

सरांनी तोवर खिशातलं पेन काढून वही उघडली होती. "पूजा चालू ठेवा. चाचा, कैरीला मीठ किती म्हणालात?"

\*

सरांना आमचं देवघेवीचं रजिस्टर वाचायची भारी हौस. कोण काय नेतं, किती दिवसांत परत आणतं, सगळं बघायचं. एक दिवस एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "नंदाबाई, हे सु. ब. स्वामी कोण? प्रवासवर्णनांचं अख्खं कपाट संपवलं यांनी! आफ्रिका झाली, बर्फाचे प्रदेश झाले, आता समुद्रात शिरलेत."

मी म्हटलं, "पुस्तकं न्यायला एक कॉलेजची मुलगी येते, सर." ते खोटं नव्हतं. बाकीचं न सांगायचा मी शब्द दिला होता.

सरांनी पुढच्या पुस्तकात चिठ्ठी ठेवली, 'आपली निवड आवडली. हिमालयावरचं वाचलंत का?'

उत्तर आलं, 'वाचलं. लेखक चढले कमी, दमले जास्त.'

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग सहा महिने हेच. सर लिहायचे चार ओळी, उत्तर यायचं एका ओळीचं, आणि ती एक ओळ सर दिवसभर येईल त्याला वाचून दाखवायचे. "एवढा जाणकार वाचक जळकोटात आहे आणि माझी ओळख नाही? काय म्हणावं मला?"

शेवटी त्यांना राहवेना. चिठ्ठी लिहिली, 'रविवारी आमच्या घरी जेवायला यावे. सविस्तर बोलू.'

दोन दिवसांनी पुस्तक परत आलं. सरांनी माझ्यासमोरच चिठ्ठी उघडली.

'यायला हरकत नाही. पण मग स्वयंपाक कोण करणार?'

सरांनी ती तीनदा वाचली. मग खुर्चीत बसले. सरांच्या पत्नी सुमनकाकू, त्यांचं माहेरचं आडनाव स्वामी!

चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, नंदाबाई. मला तिचं अक्षर ओळखता आलं नाही."

घरी जाऊन त्यांनी विचारलं म्हणे, "माहेरचं नाव कशाला लावलंस?" काकू म्हणाल्या, "तुमचं लावलं असतं तर पुस्तकं तुम्हीच निवडून दिली असती!"

त्या रविवारी पिठलं-भाकरी सरांनी केली. काकू मला सांगत होत्या, "पिठलं करपलं होतं. पण मी पाहुणी ना, काही बोलले न्हाई!"

\*

आता हा शेवटचा. या उन्हाळ्यातला.

दुपारची वेळ. बाहेर एक मोठी गाडी थांबली. पांढरे कपडे घातलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ लेकीची लग्नपत्रिका घेऊन आत आले आणि वाकून सरांच्या पाया पडले.

"ओळखलंत का, सर? दिलीप. सातवीला तुमच्या वर्गात होतो. आता उदगीरला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान हाय."

सर आनंदले. पत्रिका घेतली, पाणी दिलं आणि लगेच त्यांचा तो प्रश्न, "सध्या काय वाचून राहिलास?"

दिलीपराव हसले. "मी न्हाई वाचत, सर. तुम्हाला आठवत नसंल. गणिताच्या तासाला मी बाकाखाली एक रहस्यकथा वाचून राहिलो होतो. तुम्ही धरलं, पुस्तक जप्त केलं. त्याच वर्षी शाळा सुटली, बापाच्या दुकानावर बसलो. त्यानंतर हातात पुस्तक धरलंच न्हाई. राहूनच गेलं बघा."

ते सहज बोलत होते, रागाचा मागमूस नव्हता. सरांचा चेहरा मात्र पार उतरला. त्यांनी चप्पल घातली. "बस. कुठं जाऊ नकोस," म्हणाले आणि भर उन्हात घरी निघून गेले. दिलीपरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं खुर्ची सरकवली.

पंधरा मिनिटांनी सर घामाघूम होऊन आले. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून एक पिवळं पडलेलं, छोटं पुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर देणार होतो. तू आलाच नाहीस."

दिलीपरावांनी पुस्तक उचललं. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्यावर त्यांनी नुसता अंगठा फिरवला. "हितंच होतो मी... सर, मग खून कुणी केला होता?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? चाळीस वर्षं तुमच्याजवळ हाय, आन तुम्ही वाचलं न्हाई?"

"वाचलं की. त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत. या दुमडीपर्यंत."

"आन पुढं?"

"पुढं तू वाचलं नव्हतंस."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दिलीपराव दारापर्यंत गेले, हातानंच त्याला थांबायची खूण केली आणि परत आले.

सरांनी दोन खुर्च्या पंख्याखाली ओढल्या. "नंदाबाई, थोडा वेळ कुणाला इकडं सोडू नका."

दिलीपरावांनी दुमडलेला कोपरा सरळ केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अडखळत, बोट ठेवून, एकेक शब्द.

चौथ्या ओळीला सर म्हणाले, "सावकाश. पूर्णविराम आला की थांबायचं."