गिझर बंद केलास का?

मंडळी, आज सकाळी इथे परदेशात, अवोन्डेलच्या आमच्या घरात गरम पाणीच नव्हतं. लेक बाथरूममधून ओरडली, "आई, इट्स फ्रीझिंग!"

आमच्या टाकीतलं पाणी फक्त रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतं आणि दिवसभर पुरतं. टाकी ठेवलेलं कपाट उघडून पाहिलं, तर तिचा स्विच बंद. मीच केला होता.

पुण्याहून बाबा रोज फोन ठेवताना विचारायचे, "गिझर बंद केलास का गं?" इथली पद्धत त्यांना कितीदा समजावली. शेवटी मी नुसतं "हो बाबा" म्हणून टाकायचे. काल त्यांचा आवाज फार थकलेला वाटला, म्हणून खरंच उठून बंद केला.

स्विच परत चालू करत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले.

अशी बातमी कळली की आपल्याकडे डोक्यावरून आंघोळ करतात. नवरा म्हणाला, "थांब, केटलमध्ये पाणी तापवतो." नको म्हटलं. गार पाण्यानेच केली. थंडी वाजली नाही. रडूही आलं नाही.

आता स्विच चालू आहे. पाणी रात्री तापेल. आज मला कोणी विचारणार नाही.

तुमच्या घरचे फोन ठेवताना काय विचारतात?