मूळ धरू दे

जव्हारच्या स्टँडवर बाने माझी बॅग एसटीत चढवली, "नीट जा" म्हणाला आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवून आमच्या गावाच्या, जामसरच्या वाटेला लागला. एकदाही मागे वळला नाही. जपानला पोचल्यावर गावातल्या दुकानावर फोन लावला, तरी कित्येक महिने आईच बोलायला यायची. पोरगी शेत सोडून गेली याचा राग त्याच्या पोटात आहे, असंच मी धरून चालले होते आणि ते मला फार लागायचं.

नागोयाजवळच्या कंपनीत दिवसभर मशीनची ड्रॉइंगं आणि संध्याकाळी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं. हलणं, बदलणं, परतणं ही अक्षरं आमच्या बाईंनी एकत्रच घेतली. 'हलणं' लिहायला 'जड'शेजारी 'जोर' काढायचा. मला चिखलात नांगर ओढणारे आमचे बैल दिसले. मग त्यांनी फळ्यावर काढलं 移, म्हणजे जागा बदलणं. डावीकडे भाताचं रोप, उजवीकडे 'पुष्कळ'. खिडकीबाहेर खरंच भातशेतं होती, त्यांवर कलतं ऊन होतं. मी वर्गातून तरंगत निघाले ती थेट आमच्या खाचरात उतरले.

राबातली, म्हणजे पेरणीच्या वाफ्यातली रोपं उपटायची, मुळांचा चिखल झाडायचा, मुठी बांधायच्या आणि दुसऱ्या खाचरात आवणी, म्हणजे लावणी करायची. लावलेलं रोप आधी पिवळं पडतं, मान टाकतं. लहानपणी माझा जीव कळवळायचा, मी बांधावर जाऊन बसायची. बा मला हाताला धरून घरी आणायचा. "नको बगू त्याला. मूळ धरू दे. आपन बगत रायलो तं तो पन मागंच बगत रातो." हिरवं होईस्तोवर तो स्वतः त्या बांधाला फिरकत नसे, पाणी बघायलासुद्धा काकाला पाठवायचा. आणि घरी मात्र दर थोड्या वेळाने काकाला विचारायचा, कसा हाय?

बाई पुढच्या अक्षराकडे गेल्या होत्या. मी वहीत तेच गिरवत राहिले, डोळे भरून आले तरी.

त्या रविवारी फोनवर मी आईला म्हटलं, बालाच दे. तो आला. मी म्हणाले, "बा, मी आता हिरवी झाली."

मग तो म्हणाला, "मंग आता येत जाईन बांधाव."

तेव्हापासून फोन त्याचाच येतो. उपटलेलं रोप कुणी परत राबात लावत नाही, हे बालाही माहीत आहे आणि मलाही. पण घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मला ना कुडाची भिंत आठवते ना अंगण. स्टँडवरून पाठ फिरवून चाललेला बा दिसतो, मागे न बघण्यासाठी सगळा जोर लावून चाललेला.