दौलतशेठचा कुलूपबंद डबा

अंजूरच्या दौलत तरेकडे गॅसचा सिलिंडर आला की तो आधी काट्यावर चढतो, मग आणणाऱ्याला पाणी विचारलं जातं. दुधाच्या पातेल्यात त्याने आतून खिळ्याने रेघ मारून ठेवलीय. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्याने अंतरपाट बोटाने खाली ओढून, पलीकडे बघितलेलीच मुलगी उभी आहे ना, याची खात्री करून घेतली होती म्हणे. खरंखोटं त्याच्या बायकोला, गुणाबाईला विचारावं, तर ती म्हणते, "एकदा न्हाय, दोनदा ओढला."

अशा माणसाने पॉलिहाऊस बांधलं. आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे गोडाऊनांचे पत्रे, आणि मधेच याचा पांढरा प्लॅस्टिकचा तंबू, आत जरबेऱ्याची फुलं. जमीन धाकट्या भावाशी, नवशाशी सामाईक. नवशाला ती गोडाऊनला द्यायची होती. शेवटी गावदेवीसमोर दोघांत ठरलं की या उन्हाळ्यात फुलं तगली तर जमीन फुलांची, न्हाय तर गोडाऊनची. तेव्हापासून नवशा दर रविवारी फेरी मारायचा. श्रीमंत काका आजारी असला की पुतण्या बघायला येतो, तसा.

आतले पंखे आणि फवाऱ्याचा पंप चालवायला विजेचं पॅनेल हवं होतं. ते भिवंडीच्या मुनीरने करून दिलं. मुनीरच्या घरात वडलांपासून पॉवरलूमची पॅनेलं बनवण्याचं काम. दौलतने एका बंद पडलेल्या लूमचा पत्र्याचा डबा मिळवून ठेवला होता, तो मुनीरने पायानेच बाजूला सारला.

"हा इथं चालायचा न्हाय, दौलतशेठ. आयपी पासष्टचा घ्या. पहिला आकडा धुळीचा. सहा म्हणजे धूळ आत शिरणारच न्हाय. दुसरा पाण्याचा. पाच म्हणजे पाइपाची धार लागली तरी आत कोरडं."

"लूमच्या शेडीत बरा चालतो हाच डबा."

"तिथं कापूस उडतो. ब्रश मारला की झाला साफ. इथं दिवसभर फवारा. वाफेला ब्रश कुठून मारणार?"

दौलतला वाटलं, महागाचा माल गळ्यात मारतोय. पण त्याने घेतला. जाड प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला रबराची पट्टी, सगळ्या वायरी खालून आत आलेल्या. मुनीर म्हणाला, "मधनंमधनं येऊन बघून जाईन." झालं. दौलतची झोप उडाली. हा बघायला कशाला येईल? आतला चांगला माल काढून जुना बसवायलाच येईल.

दुसऱ्याच दिवशी तो राहनाळला गेला आणि गोडाऊनांची शटरं बसवणाऱ्या एका कारागिराला घेऊन आला. त्याने डब्याला आणि झाकणाला ड्रिलने भोकं पाडली, बोल्ट आवळून लोखंडी कडी-कोयंडा ठोकला. वर गोडाऊनला लावतात तेवढं मोठं कुलूप. किल्ली दौलतच्या करगोट्याला.

मग पंखे बंद पडायला लागले. भर दुपारी पॅनेल ट्रिप व्हायचं, आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, फुलं माना टाकायची. दौलतने आधी नवशावर संशय घेतला, मग शेजारच्या गोडाऊनच्या वॉचमनवर, मग वॉचमनच्या मेहुण्यावर. शेवटी नाक्यावरच्या टपरीवर, चार माणसांत तो बोलला, "मुनीरने दुसरी किल्ली करून माल बदललाय. चोर हाय तो."

तासाभरात ते भिवंडीत पोचलं. मुनीर तडक आला. "डबा उघडा. माझ्यासमोर बघू."

"आणि पुरावा तुझ्याच हातात देऊ?" दौलत म्हणाला. किल्ली काही सुटली नाही. मुनीर गाडीला किक मारून निघून गेला.

आता चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून शनिवारी सकाळीच दौलत पॉलिहाऊसमध्ये शेवटच्या वाफ्यामागे छत्री उघडून बसला. अकरा वाजले, बारा वाजले. फवारा पुन्हा सुरू झाला. कोणी आलं नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, आसपास चिटपाखरू नसताना, पंखे थांबले.

तो उठला. डब्याजवळ गेला तर कोयंड्यावरून पाणी ओघळत होतं, आणि बोल्टाच्या कडेने थेंब थेंब आत जात होतं. कुलूप काढून झाकण उघडलं. आत घामेजलेलं सगळं, तळाला पाणी साचलेलं. उद्या रविवार, नवशा फेरीला येणार होता.

त्याने मुनीरला फोन लावला. तरी सरळ बोलेल तर तो दौलत कसला? "मुनीरभाय, कोणीतरी डब्याला भोकं पाडलीत."

मुनीर आला. कोयंडा हलवून बघितला. "भोकं पाडली, वर कुलूपही लावून गेला? बडा शरीफ चोर दिसतो." मग हसू आवरून म्हणाला, "डबा तापतो, थंड होतो. थंड होताना हवा ओढतो, शेठ. भोक असलं की वाफही ओढणार, पाणीही ओढणार."

"मग? बुजव ना."

"बुजवलेल्याची गॅरंटी मी देणार न्हाय. नवा लावतो, कंपनीचंच किल्लीवालं झाकण असतं त्याला. बाहेर पंपाच्या खोलीच्या भिंतीला लावू, पत्र्याच्या सावलीत, फवाऱ्यापासून लांब. आजच लावतो. पण आधी चला टपरीवर."

"टपरीवर कशाला?"

"चोर तिथं बोललात ना? तिथंच परत घ्या."

दौलतने फुलांकडे बघितलं. अर्धी अजून उभी होती. घरात गुणाबाईने हे ऐकलं आणि कधी नव्हे ती नाक्यापर्यंत सोबत गेली, भाजी आणायची आहे म्हणून. भाजी घरात होती.

टपरीवर दौलत म्हणाला, "मुनीर चोर न्हाय. भोकं मीच पाडून घेतली." एवढंच. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

रविवारी नवशा आला तेव्हा पंखे गरगरत होते. तो भिंतीवरच्या नव्या डब्याकडे बघत राहिला, पुढच्या रविवारी आला नाही, आणि पावसाला सुरुवात झाली तरी फुलं तगून होती. जमीन फुलांचीच राहिली.

पण टपरीला काही पटलेलं नाही. दौलत तरे माफी मागतो? तेही चार माणसांत, वर चहा पाजून? मुनीरच्या हाती याचं काहीतरी गुपित लागलंय, असं आता अख्खं अंजूर बोलतं. आणि गुणाबाईला विचारलं की ती नुसती हसते, त्यामुळे लोकांची खात्रीच पटत चाललीय.